हळू झालेलं मशीन

बाबांनी एका चित्राला सहा दिवस लावले, ही गोष्ट तिने पहिल्यांदा सांगितली ती ते गेल्यानंतर चौथ्या दिवशी. घर माणसांनी भरलेलं होतं. आत्या रडून रडून दमली होती, आई भिंतीला टेकून बसली होती, आणि खोलीतली शांतता इतकी वाढली होती की कुणीतरी काहीतरी बोलायलाच हवं होतं. मग तिने सांगायला सुरुवात केली. शेवटच्या वर्षात बाबा कॉम्प्युटरवर एका जिन्याचं चित्र करत होते. सकाळी बटण दाबायचे, संध्याकाळपर्यंत चित्राची वरची एक पट्टी तयार व्हायची. दुसऱ्या दिवशी खालची पट्टी. बाबा मधूनमधून जाऊन बघून यायचे, चुलीवर काही ठेवल्यासारखे. सहाव्या दिवशी चित्र पुरं झालं आणि बघतात तर जिन्याला कठडाच नाही. द्यायचा राहूनच गेला होता. आईने विचारलं, अहो, कठडा कुठाय? तर बाबा म्हणतात कसे, “चढणाऱ्याने जपून चढावं.”

खोली हसली. आत्या डोळे पुसत पुसत हसली. गेलेल्या माणसावर माया करत हसावं तसंच सगळे हसले, आणि तिला हायसं वाटलं. पुढच्या दोन दिवसांत नवी माणसं आली तेव्हा तिने तीच गोष्ट आणखी दोनदा सांगितली. तिसऱ्या वेळी ती चांगलीच रंगली.

बाबा म्हणजे जिन्यांचे ड्राफ्ट्समन. चाळीस वर्षं एकाच कारखान्यात त्यांनी जिने काढले. सरळ, वळणाचे, गोल, तळघरात उतरणारे, गच्चीवर जाणारे. कारखान्यात सगळे त्यांना मास्तर म्हणत. निवृत्त झाल्यावरही अवघड जिना आला की मालक तो घेऊन घरी यायचे. मालकांना ती लहानपणापासून जिनेवाले काका म्हणायची, आणि चाळिशी आली तरी तिला त्यांचं दुसरं नाव पटकन आठवत नसे. साठाव्या वर्षी बाबा कागदावरून कॉम्प्युटरवर आले ते तिच्यामुळे. मशीन तिने जुळवून दिलं, चित्रं पटापट हलावीत म्हणून त्यात चांगलं ग्राफिक्स कार्ड घातलं, विंडोजऐवजी लिनक्स बसवलं. जिना तीन बाजूंनी फिरवून कसा बघायचा, त्यावर खिडकीतला उजेड कसा पाडायचा आणि त्याचा फोटोसारखा देखावा कसा तयार करायचा, हे तिने त्यांना आठ रविवार बसून शिकवलं. ती एका मोठ्या कंपनीत सर्व्हर सांभाळायची. आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, “आमच्याकडचं कॉम्प्युटरचं सगळं लेक बघते. बाहेरच्याचा हात लागत नाही.”

ते गेल्याला पाच महिने झाले आणि जिनेवाले काकांचा फोन आला.

“पोरी, मास्तरांच्या मशीनमध्ये तो वाचनालयाचा जिना असेल का गं?”

“असेल की. का?”

“मास्तरांनी काम परत केल्यावर ज्यांनी ते नेलं होतं ना, त्यांच्या जिन्याला मधोमध खांब लागतोय. वाचनालयवाल्यांना खांब नको. आता पुन्हा आमच्या दारात आलेत. मास्तरांचा बिनखांबी होता. अर्धामुर्धा असला तरी दे, पुढचं आम्ही बघू.” मग म्हणाले, “तसं शेवटी त्यांच्याच्याने होत नव्हतं म्हणा. मलाही तसंच म्हणाले. मास्तर ‘होत नाही’ म्हणाले तो एकच दिवस. चाळीस वर्षांत एकच.”

“बघते मी,” ती म्हणाली. “शनिवारी येते.”

शनिवारी सकाळी ती आईकडे गेली. बाबांचं टेबल खिडकीशी होतं. त्याच खोलीत पलीकडच्या भिंतीला आईचा पलंग. मधे एक पडदा. टेबलाखालच्या मशीनवर आईने एक जुना टॉवेल घातला होता, थंडी वाजेल म्हणून घालावा तसा. तिने तो काढला, मशीन चालू केलं आणि वाचनालयाचं फोल्डर उघडलं.

आत पाच फायली होत्या. बाबांची नावं द्यायची पद्धत साधी होती, काय केलं तेच नाव.

वाचनालय जिना पूर्ण.

वाचनालय जिना नक्षी काढून.

वाचनालय जिना नक्षी खिडकी काढून.

वाचनालय जिना नक्षी खिडकी काच काढून.

वाचनालय जिना कठडा काढून.

ती पहिल्यांदा नुसती वाचत गेली. मग पुन्हा वाचली. ‘काढून’ हा शब्द तिला खटकला, पण का ते लगेच कळलं नाही. तिने पहिली फाईल उघडली, ‘पूर्ण’ नावाची. पडद्यावर काही येईना. चहाचं आधण ठेवून यावं इतका वेळ गेला आणि मग जिना उमटला, आणि तिने तो माउसने जरा वळवायला घेतला तर तो वळेचना. माउस हलवला की तीन-चार सेकंदांनी जिना एकदम कुठेतरी भलतीकडे जायचा. पुन्हा आणायला गेलं की पुन्हा तेच. एक पायरी निवडायला तिला पाच वेळा टिचकी मारावी लागली. तिला राग आला. दहा मिनिटांत तिला राग आला, आणि बाबा यावर आठ महिने काम करत होते.

कार्ड जुनं झालं असेल, असं तिला आधी वाटलं. मग हात सवयीने चालले. कार्ड किती तापलंय ते बघितलं. अजिबात तापलेलं नव्हतं. किती वेगाने चालतंय ते बघितलं. जिना डोळ्यांपुढे अडकून पडला होता, कार्डाला जीव तोडून धावायला हवं होतं, आणि ते अगदी खालच्या वेगावर बसून होतं. कुणीतरी खुंटीला बांधून ठेवावं तसं.

लिनक्समध्ये या वेगाची एक लहानशी फाईल असते. तीत एकच शब्द असतो. ‘ऑटो’ असला की कार्ड कामाप्रमाणे वेग कमीजास्त करतं. तिथे ‘लो’ लिहिलं की काम कितीही असो, कार्ड खालची पायरी सोडत नाही. मशीन बंद करून चालू केलं की हा शब्द पुसला जातो आणि ‘ऑटो’ परत येतो. म्हणून कुणाला तो कायमचा ठेवायचा असेल तर मशीन सुरू होताना दर वेळी तो नव्याने लिहिणारी सोय मुद्दाम करून ठेवावी लागते.

फाईलमध्ये ‘लो’ होतं. तिने सोय शोधली. ती सापडायला एक मिनिटही लागलं नाही, कारण तिचं नाव होतं ‘हळू’. आत चार ओळी होत्या आणि त्यांच्यावर एक टीप होती.

“तात्पुरतं. पुढच्या भेटीत काढणे.”

टीप तिचीच होती.

ती खुर्चीत मागे टेकली. स्वयंपाकघरात आई भांडी लावत होती, त्याचा आवाज येत होता. तिला पहिल्यांदा काय वाटलं असेल तर हे, की आईने आता आत येऊ नये.

आता सगळं आठवायला लागलं आणि थांबेना. दोन वर्षांपूर्वीचा बाबांचा फोन. “इंजिनीअरबाई, हे तुमचं मशीन फार घुरघुरतं हो. दुपारी आईची झोप मोडते. जरा हळू करता येतं का बघ.” ती ऑफिसात होती. तिथूनच तिने बाबांच्या मशीनमध्ये शिरून बघितलं. घुरघुर पंख्याची होती. पंखा फिरत होता कारण कार्ड तापत होतं, आणि कार्ड तापत होतं कारण ते काम करत होतं. नीट करायचं तर घरी जाऊन मशीन उघडायला हवं होतं, धूळ बघायला हवी होती, पंख्याचा वेग पायरीपायरीने बसवायला हवा होता, फार तर कार्डाला मिळणारी वीज थोडी आवळायला हवी होती. एक रविवार गेला असता. तिने कार्डच खालच्या वेगावर बांधलं. दहा मिनिटांत पंखा गप्प झाला. बाबा फोनवर म्हणाले, “जादूगार आहेस.”

तिच्या ऑफिसात नियम होता. तात्पुरतं केलेलं काहीही असो, ते कोणत्या तारखेला काढायचं हे लिहिल्याशिवाय करायचंच नाही. हा नियम तिनेच घालून दिला होता. नव्या माणसांना ती तो पहिल्याच दिवशी सांगायची, जरा तोऱ्यातच. बाबांच्या मशीनवर तिने तारीख लिहिली नव्हती. ‘पुढच्या भेटीत’ लिहिलं होतं. त्यानंतर ती दोनदा येऊन गेली, दोन्ही वेळा याच खोलीत बसून चहा प्याली.

आणि मधला तो फोन. पहिल्या फोननंतर पंधराएक दिवसांनी. ती मीटिंगला निघाली होती, एका हातात लॅपटॉप.

“अगं, मशीन फारच हळू झालंय.”

“झालं ना? छान. आई झोपते ना आता दुपारी?”

“झोपते.”

“मग झालं तर.”

बाबा थोडे थांबले. “म्हणजे आता हे असंच राहणार?”

“असंच राहील, बाबा. काळजी करू नका. पुन्हा नाही बिघडणार.”

“बरं,” बाबा म्हणाले.

त्यांनी ‘हळू कर’ म्हटलं होतं आवाजाला. ‘हळू झालंय’ म्हटलं ते कामाला. शब्द तोच. तिने दोन्ही वेळा आवाजच ऐकला. अर्धी सकाळ तिने स्वतःला हेच समजावण्यात घालवली, की कुणाचीही अशी चूक झाली असती, भाषाच अशी आहे. पण शांततेवर खूश झालेला माणूस ‘म्हणजे आता हे असंच राहणार?’ असं विचारत नाही, आणि त्या आवाजात तर मुळीच नाही. तो आवाज तिने ऐकला होता. ऐकून ती लिफ्टमध्ये शिरली होती.

बाबांनी मग पुन्हा विचारलं नाही. लेकीने सांगितलं होतं, असंच राहील. ते राहिले मग त्याप्रमाणे. मशीन ओझं उचलत नाही तर त्यांनी ओझं कमी करत आणलं. आधी नक्षी काढली. तरी वळेना, म्हणून खिडकी आणि तिचा उजेड काढला. मग काच. शेवटी कठडा. कठडा विसरले नव्हते ते.

तिने पाचवी फाईल उघडली. नुसत्या पायऱ्या होत्या, एकामागे एक वर वळत जाणाऱ्या, कशाचा कशाला आधार नाही. ती बघवेना. तिने फाईल मिटली.

मधे आणखीही एक गोष्ट घडली होती, ती तिने आतापर्यंत या सगळ्याशी जोडलीच नव्हती. गेल्या वर्षी आईचा फोन आला होता, दबक्या आवाजात. “हे म्हणतात डोकं चालेनासं झालंय. एक काम धड होत नाही. नुसते पडद्याकडे बघत बसतात.” तिने म्हटलं होतं, “आई, वय झालंय आता. एकदा स्मरणशक्तीची तपासणी करून घे.” डॉक्टरही तिनेच सुचवले. डॉक्टरांनी बाबांना कागदावर घड्याळ काढायला सांगितलं, तर त्यांनी असं काढलं की डॉक्टरांनी तो कागद ठेवून घेतला. तपासणीत काहीच निघालं नाही. बाबा तिला म्हणाले, “पास झालो. पण मग काम का होत नाही? काहीतरी असणारच.” ती म्हणाली होती, “विश्रांती घ्या.” दोन महिन्यांनी त्यांनी काकांना काम परत केलं आणि मशीनवर बसायचं सोडलं. गेले ते त्यानंतर चार महिन्यांनी, हृदयाने. त्याचा याच्याशी काही संबंध नव्हता. एवढं तरी तिला ठामपणे म्हणता येत होतं, आणि त्याने काहीच हलकं होत नव्हतं.

तिने ‘हळू’ पुसून टाकलं. फाईलमध्ये ‘ऑटो’ लिहिलं. ‘पूर्ण’ जिना पुन्हा उघडला. तो लगेच आला आणि बोट लावताच पाण्यासारखा वळला. वर, खाली, आतून. कठड्यावर बारीक नक्षी होती, कठडा पायऱ्यांबरोबर वळत वर जात होता, उंच खिडकीतून उजेड उतरत होता. अर्धामुर्धा नव्हताच तो. जिना केव्हाच पुरा झाला होता, फक्त दाखवता येत नव्हता. पहिल्या फाईलवरची तारीख तिने पाहिली. काम परत करण्याच्या सात महिने आधीची.

तिने देखावा तयार करायला लावला. पाचएक मिनिटांत पंखा घुरघुरायला लागला.

“झालं सुरू?” आई स्वयंपाकघरातून म्हणाली. “हे बंद केलं होतंस ना तू?”

“केलं होतं.”

“मग?”

“बघते.”

तिने काम थांबवलं, मशीन बंद केलं, झाकण उघडलं. कार्डाच्या पात्यांमध्ये धुळीचा गालिचा बसला होता. बाबांच्या ड्रॉवरमध्ये ड्रॉइंगवरची खोडरबराची पूड झटकायचा मऊ ब्रश होता, त्याने तिने ती धूळ काढली. वीस मिनिटं लागली. पंख्याचा वेगही नीट बसवला. पुन्हा सुरू केलं तर पडद्यापलीकडे ऐकू जाईल न जाईल एवढाच आवाज उरला. कार्ड मात्र पूर्ण वेगाने काम करत होतं. वीस मिनिटं.

बारा वाजता लावलेलं चित्र तीनच्या सुमाराला पुरं झालं. कठड्यासकट, काचेसकट.

चार वाजता जिनेवाले काका आले. दाराशी बूट काढता काढता म्हणाले, “वहिनी, चहा नको, डॉक्टरने तोडलाय. अर्धा कप चालेल.” आईने पूर्ण कप आणला. काका बाबांच्या खुर्चीत बसले नाहीत, बाजूचं स्टूल ओढून त्यावर बसले. तिने चित्र दाखवलं.

काका पुढे झुकले. चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत लावला.

“हे कुणी केलं?”

“लेकीने,” आई म्हणाली. “सकाळपासून बसलीय. ह्यांचं अर्धवट राहिलेलं पुरं केलं तिने एका दिवसात. ह्यांना तर एका चित्राला सहा दिवस लागले होते, तुम्ही ऐकलंच असेल, त्यात कठडा विसरले.”

“कठडा विसरले?” काका म्हणाले. “कोण, मास्तर?”

“हो ना. ही सांगते ती गोष्ट. सांग गं काकांना.”

“वहिनी, कठडा कसा विसरतील? या जिन्याला खांब नाही. सगळा जिना कठड्यावर तर तोललेला आहे. हा कठडा नाहीये, तुळई आहे वळवलेली. मास्तरांनी आधी कठडा काढला असेल आणि मग त्याला पायऱ्या लावल्या असतील.” ते तिच्याकडे वळले. “काय गोष्ट आहे?”

आई हसऱ्या चेहऱ्याने तिच्याकडे बघत होती. पाच महिन्यांत आईच्या चेहऱ्यावर जे थोडंफार परत आलं होतं त्यात हा लेकीचा अभिमान होता. गप्प बसणं अगदी सोपं होतं. एक ‘राहू द्या हो काका’ म्हटलं असतं तरी चाललं असतं. तिच्या मनात असंही येऊन गेलं, की सांगितलं तर आईलाही लागेल, आवाजाची तक्रार आईची होती, आईसाठी तरी सांगू नये. आणि आपण किती लवकर आईच्या आड उभ्या राहिलो, हेही तिला लगेच दिसलं.

“मी काहीच केलेलं नाही, काका,” ती म्हणाली. “जिना बाबांनी पुरा केलेला होता. काम परत केलं त्याच्या सात महिने आधी. मशीन मी बांधून ठेवलं होतं.”

“म्हणजे?”

“पंख्याचा आवाज कमी व्हावा म्हणून मी कार्डाचा वेग खाली आणला होता. बाबांना सांगितलं नाही. नंतर काढायचा होता, काढला नाही. त्या वेगात हा जिना हलतसुद्धा नव्हता. हलावा म्हणून ते एकेक भाग काढत गेले. कठडाही त्यातच काढला. ते विसरले नव्हते. त्यांचं डोकंही गेलं नव्हतं. त्यांनी मला फोन करून सांगितलं होतं, मी ऐकलं नाही.”

बोलताना तिचा आवाज ऑफिसात बिघाडाचा अहवाल देताना असतो तसा सपाट होता. तिला तो आवडला नाही, पण दुसरा निघेना.

काकांनी कप खाली ठेवला. “मी म्हटलं होतं त्यांना,” ते सावकाश म्हणाले. “म्हटलं, मास्तर, आमच्या ऑफिसातला माणूस पाठवतो, मशीन बघेल. नको म्हणाले. म्हणाले, लेकीने लावलंय, ती म्हणते हे असंच राहणार, म्हणजे मशीन ठीक आहे. बिघाड माझ्यात आहे. दुसऱ्याने हात लावला तर तिला काय वाटेल.”

तिने फाईल पेनड्राइव्हवर घातली आणि काकांच्या हातात दिली. काका उठले. दारापर्यंत गेले, बूट घातले, आणि वळून म्हणाले, “वाचनालयवाल्यांना आणखी दोन बाजूंची चित्रं लागतील, तीही करून दे. आणि सोमवारी वाचनालयवाल्यांकडे तू येऊ नकोस, मी एकटा जातो.” त्यांनी ते रागाने म्हटलं नव्हतं. रागाने म्हटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

काका गेल्यावर आईने कप उचलले, धुतले, पालथे घातले. मग येऊन पलंगावर बसली.

“आवाज मला व्हायचा,” ती म्हणाली. “ते काकांना सांगितलं नाहीस.”

“त्याची गरज नव्हती.”

“माझं माझ्यापाशी राहू दे. मी बघेन त्याचं काय करायचं ते. तू मधे येऊ नकोस.” आई पलंगपोसाची सुरकुती हाताने सारखी करत राहिली. “तपासणीला निघालो ना, तेव्हा हे म्हणाले, आखायची पट्टी बरोबर घेऊ का? मला वाटलं, गेलंच डोकं. कुणी डॉक्टरकडे पट्टी घेऊन जातं का? रस्ताभर मी त्यांचा हात धरून चालले. लहान मुलाचा धरावा तसा. ते धरू देत होते.”

“आई.”

“थांब जरा.” आईने पुन्हा तीच सुरकुती सारखी केली. “तू मला सांगितलंस ते बरं केलंस की वाईट, मला आज कळत नाही. आज विचारू नकोस.”

ती काही विचारत नव्हती.

मग आई म्हणाली, “त्या दिवशी ती गोष्ट सांगितलीस तेव्हा मीही हसले. सगळेच हसले. आता त्यांना सांग.”

“कुणाला?”

“जे हसले त्यांना.”

“सगळ्यांना? आई, वीसपंचवीस माणसं होती.”

“सांगताना मोजली नव्हतीस.” आईने उशीखालून आपली फोन नंबरांची वही काढली आणि पलंगावर ठेवली. “ह्यांच्या बहिणीपासून सुरू कर. मी इथेच बसते.”

तिने आत्याला फोन लावला. आत्याने दुसऱ्याच घंटीला उचलला.

“बोल गं. आई बरी आहे ना?”

“बरी आहे. आत्या, मला बाबांच्या त्या चित्राबद्दल सांगायचंय. कठड्याचं.”

आत्या हसायला लागली. “चढणाऱ्याने जपून चढावं! अगं, परवाच आठवण काढली मी. आमचा दादा म्हणजे—”

“आत्या, ते खरं नव्हतं.”

ती सांगत गेली. काकांना सांगितलं त्याहून साध्या शब्दांत, कारण आत्याला कार्ड आणि वेग यातलं काही कळलं नसतं. म्हणाली, मी त्यांच्या मशीनला एक वेसण घातली होती आणि सोडायची विसरले, आणि त्यांना वाटलं आपलीच ताकद गेली. आत्याने मधे एकदाही तोडलं नाही. सांगून झाल्यावर तिने विचारलं, “आत्या, ऐकतेयस ना?”

“ऐकतेय,” आत्या म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. “मी ती गोष्ट कितीजणांना सांगितली असेल गं.”

“किती?”

“आता मोजलंय का मी. बागेतल्या बायकांना सांगितली. जावेला सांगितली. दाताच्या डॉक्टरला सांगितली, तो तर तोंडात हत्यार घालून हसत होता.” आत्या थांबली. “दादा म्हातारपणी कसा गमतीशीर झाला होता, असं म्हणून सांगायचे.”

आई पलंगावर ताठ बसून ऐकत होती. फोन स्पीकरवर नव्हता, पण आत्याचा आवाज मोठा होता.

“मी सांगेन त्यांना,” आत्या म्हणाली. “माझ्या माझ्या लोकांना मीच सांगते.”

“नाही, आत्या. मी सांगते.”

“दाताच्या डॉक्टरला फोन करून तू हे सांगणार?”

“हो.”

“तो काय म्हणेल?”

“माहीत नाही.” तिने आईच्या वहीचं मागचं कोरं पान उघडलं आणि पेनचं टोपण काढलं. “आधी बागेतल्या बायका. पहिलीचं नाव सांग, नंबर सांग. मी लिहून घेते.”